लाईन आहे तेवढ्यात: छोट्या कॅम्पर गाडीसाठी चार्जर आणि पॉवर सप्लाय निवडताना

आमच्याकडे वीज जात नाही, 'लाईन' जाते. आणि येते तेव्हाही पूर्ण येईलच असं नाही. मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास गावातले सगळे कुलर सुरू झाले की दिवा पिवळा पडतो आणि छताच्या पंख्याची पाती मोजता येतात. कॅम्पर गाडीसाठी चार्जर घ्यायचा तर विचार इथून सुरू करायचा, बॅटरीपासून नाही. मी उलटं केलं होतं.

माझी जुनी व्हॅन आहे. मागची सीट काढून फळीचा पलंग टाकलाय, त्याखाली बॅटरीचा खोका, दाराशी छोटा फ्रिज, दोन दिवे, एक पंखा. पहिल्या वर्षी परदेशी व्हिडिओ पाहून १० अँपिअरचा 'ऑटोमॅटिक' चार्जर घेतला. व्हिडिओतला माणूस मैदानातल्या खांबाला वायर जोडतो, झोपतो आणि सकाळी त्याची बॅटरी फुल असते. मी मेळघाटच्या पायथ्याशी एका गावात ओळखीच्या काकांच्या अंगणात वायर जोडली आणि झोपलो. रात्री लाईन तीनदा गेली, दुसऱ्यांदा गेली ती पहाटेच आली. सकाळी हिशोब केला तर रात्रभरात भरलेल्यापैकी निम्मं फ्रिजनेच खाल्लं होतं. दूध नासलं ते वेगळंच.

काका चहा घेऊन आले. "काहून गा, रातभर तं लावून होतं. भरली नाही का तुमची बॅटरी?"

भरली नव्हती, कारण दहा तास सलग लाईन मिळेल असं धरून मी चार्जर घेतला होता.

आधी दोन नावांचा घोळ

दुकानात 'बारा व्होल्टचा सप्लाय द्या' म्हटलं की जे हातात पडतं ते बहुतेक वेळा चार्जर नसतं. पॉवर सप्लायचं काम एकच: २३० व्होल्ट घ्यायचे आणि ठरलेला एक व्होल्टेज, समजा १२ किंवा १३.८, सतत देत राहायचं. समोर दिवा आहे की बॅटरी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सीसीटीव्हीला आणि दुकानांच्या एलईडी पाट्यांना लागणारा जाळीचा चौकोनी डबा, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो हा.

चार्जर बॅटरीकडे बघून वागतो. बॅटरी रिकामी असेल तर आधी पूर्ण करंट देतो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास गेलं की ते तिथे धरून ठेवतो आणि करंट आपोआप उतरत जातो. शेवटी १३.५-१३.८ वर येऊन बॅटरी नुसती भरलेली ठेवतो. याला बल्क, अब्सॉर्प्शन आणि फ्लोट म्हणतात. खोक्यावर 'थ्री स्टेज' लिहिलेलं असतं ते हेच.

कॅम्परला दोन्ही कामं लागतात. वायर जोडलेली असताना फ्रिज, दिवे चालले पाहिजेत आणि त्याच वेळी बॅटरीही भरली पाहिजे. गोम इथेच आहे. चार्जर १५ अँपिअरचा आणि फ्रिज ५ अँपिअर ओढत असेल तर बॅटरीच्या वाट्याला १० येतात. शिवाय काही हुशार चार्जर करंट कमी होण्याची वाट पाहत बसतात. फ्रिज सारखा ओढत राहिला की त्यांना वाटतं बॅटरी अजून भुकेली आहे, आणि ते १४.४ सोडतच नाहीत. लेड-ॲसिड, म्हणजे गाडी-इन्व्हर्टरच्या नेहमीच्या, बॅटरीचं पाणी असं उडतं. म्हणून अब्सॉर्प्शनला वेळेची मर्यादा आहे का, हे विचारूनच चार्जर घ्या. दुकानदाराला माहीत नसेल तर मॅन्युअलचं पान मागा. तेही नसेल तर दुसरं दुकान गाठा.

खर्च वहीत लिहा

मोबाईलवर नको, वहीतच लिहा, कारण ही वही पुढे गाडीतच राहणार आहे. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले तास. माझा मे महिन्याचा एक दिवस असा आहे:

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५ वॅटचा. तो सतत चालत नाही, पण आपल्या उन्हात दिवसाचा ६० टक्के वेळ तरी चालतोच. म्हणजे सुमारे ६५० वॅट-अवर. पंखा २० वॅटचा, दहा तास: २००. दोन एलईडी दिवे मिळून ४०. दोन मोबाईल ४०. पाण्याचा छोटा पंप चालतोच किती, १० धरा. एकूण ९४०.

हाच हिशोब डिसेंबरात केला तर पंखा जातो, फ्रिज निम्म्यावर येतो आणि आकडा ४१५ च्या आसपास थांबतो. ज्याला फक्त हिवाळ्यात ताडोब्याच्या बाजूला दोन रात्री काढायच्या आहेत त्याने मे महिन्याच्या हिशोबाने पैसे घालू नयेत. ज्याला नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ जळत्या दिवसांतही, फिरायची हौस आहे त्याने घालावेत, आणि डोकंही तपासून घ्यावं.

इंडक्शनची शेगडी यादीत लिहूच नका. २००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे चालवायची तर पावणेदोनशे अँपिअर ओढते. छोटा गॅस घ्या, दार उघडं ठेवून स्वयंपाक करा.

बॅटरीबद्दल जेवढं चार्जरसाठी लागतं तेवढं

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकायचा मोह सगळ्यांना होतो. १५० एएचची (अँपिअर-अवरची) उंच ट्युब्युलर पन्नास-साठ किलो भरते, खड्ड्यात ॲसिड सांडते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ज्या पेटीवर आपण झोपतो तिच्यात हा वायू नको. एसएमएफ, म्हणजे बंद लेड-ॲसिड, चालेल. पण कुठलीही लेड-ॲसिड रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते. १०० एएच म्हणजे वापरायला ६०० वॅट-अवर. माझ्या मे महिन्याला ती अपुरी.

लिथियम घ्यायची तर एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. चार सेल, १२.८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे १२८० वॅट-अवर. त्यातले हजारभर बिनधास्त वापरा. वजन बारा-तेरा किलो. महाग आहे, पण आपल्या लाईनसाठी तिचा खरा फायदा वजनाचा नाही. ती पटकन भरते. लेड-ॲसिडला शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, तुम्ही कितीही मोठा चार्जर लावा. एलएफपी जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. लाईन तीन तासच असेल तर हा फरक फार मोठा.

लाईन मोजा

मल्टिमीटर घ्या. तीनशे-चारशे रुपयांचा चालतो. एसी व्होल्टच्या सगळ्यात वरच्या रेंजवर ठेवा, काळी पिन कॉममध्ये आणि लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना ते पाहा. अँपिअरच्या भोकात लाल पिन ठेवून सॉकेटमध्ये घातलीत तर मोठा भडका उडेल. आता सॉकेट मोजा: दुपारी, मग रात्री साडेसात ते दहाच्या मध्ये. गावठाणात कुलरच्या वेळी १८० दिसले तर आश्चर्य नको.

वावरातलं कनेक्शन आणखी वेगळं. थ्री फेज ठराविक तासच येते, आणि ती आली की आजूबाजूच्या विहिरींवरचे सगळे ऑटोस्विच एकाच क्षणी मोटारी सुरू करतात. त्या दोन-चार सेकंदांत मीटरचा आकडा खाली कोसळतो. मग सावरतो, मग कुणाची तरी मोटार ट्रिप होते आणि तो वर उडी मारतो.

म्हणून चार्जरच्या मागच्या पट्टीवरची पहिली ओळ वाचायची ती इनपुटची. '१०० ते २४० व्होल्ट' किंवा '९० ते २६४' लिहिलेलं असेल तर तो १८० वरही पूर्ण करंट देईल, फक्त लाईनमधून थोडे जास्त अँपिअर घेईल. नुसतं '२२०-२४०' असेल तर बाजूला ठेवा. जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरवाले, गॅरेजमध्ये दिसणारे जड चार्जर रांगडे असतात, वर्षानुवर्षं टिकतात. पण लाईन पडली की त्यांचं आउटपुटही तसंच पडतं. १८० वर ते बॅटरीला पूर्ण भरूच शकत नाहीत, आणि २५० वर तिला उकळवतात.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असं नवे लोक हमखास विचारतात. वाइड इनपुटचा चार्जर असेल तर नको. आठ-दहा किलोचं धूड कशाला न्यायचं? त्याऐवजी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. मुठीएवढी वस्तू. १७० च्या खाली किंवा २६५-२७० च्या वर गेलं की लाईन तोडतो, आणि सगळं ठीक झाल्यावर तीनेक मिनिटं थांबून परत जोडतो.

हे मी अकलेचे पैसे भरून शिकलो. एका जूनमध्ये वादळाच्या रात्री डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल सैल झाला. न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी तीनशेच्या वर, कधी चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. ज्यांच्याकडे थांबलो होतो त्यांचा टीव्ही, शेजारच्यांचे दोन पंखे आणि माझा चार्जर एकाच वेळी गेले. चार्जर उघडला तर आतला मोठा कपॅसिटर फुगून टोपण उघडलेला, आणि कुजलेल्या मासळीसारखा वास. आता प्रोटेक्टर वायरच्या सुरुवातीलाच बसवलाय. सॉकेट कुठलंही असो, आधी तो, मग बाकी सगळं.

चार्जर किती अँपिअरचा

लेड-ॲसिडला बॅटरीच्या एएचच्या १० ते २० टक्के. १०० एएचला १० ते २० अँपिअर. एसएमएफच्या अंगावर जास्तीत जास्त करंट छापलेला असतो, तो ओलांडू नका. एलएफपी निम्म्यापर्यंत, म्हणजे १०० एएचला ५० अँपिअर सहज घेते. बहुतेक कंपन्या २० ते ५० च्या मधला आकडा सुचवतात.

आता हे लाईनला जोडून बघा. मला रोज ९४० वॅट-अवर, म्हणजे सुमारे ७३ अँपिअर-अवर परत भरायचे आहेत. १० अँपिअरच्या चार्जरमधून फ्रिजचे सरासरी दोन वजा केले तर नऊ तासांच्या वर सलग लाईन हवी. ३० अँपिअरचा असेल तर अडीच-पावणेतीन तास. संध्याकाळी पाचला पोहोचलो, सातला लाईन गेली तरी दिवसाचा पाऊण हिस्सा भरलेला असतो. खेड्यात फिरणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: एलएफपी असेल तर बॅटरीवर खर्च करून उरलेल्या पैशात चार्जर बसवू नका. २५-३० अँपिअरचा चार्जर आधी धरा, मग बॅटरी किती घ्यायची ते पाहा.

मोठ्या चार्जरने यजमानाचं मीटर पळेल का? १४.४ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ४३२ वॅट. चार्जरची स्वतःची तूट धरून भिंतीतून सुमारे ४९०. स्वस्त चार्जरमध्ये पॉवर फॅक्टर सुधारलेला नसतो, त्यामुळे १८० व्होल्टवर तो साडेचार अँपिअरपर्यंत घेईल. तरीही साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर बसतो. मात्र त्याच बोर्डावर कुलर नको. ढाब्यावर विचारताना मी वॅट सांगत नाही. "दोन-अडीच कुलरइतकी लाईन घेते, तीन तास" म्हटलं की मालकाला लगेच कळतं. तीन तासांचं दीड युनिट होतं. तीस रुपये पुढे करा. बहुतेक जण घेत नाहीत, पण पुढे करा.

एलएफपीच्या चार्जरमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. बॅटरी फार रिकामी झाली की तिच्या आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारी सर्किट, ती तोडून टाकते आणि टर्मिनलवर मीटर शून्य दाखवतो. बॅटरी मेलेली नसते, झोपलेली असते. पण बरेच चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. एक झोपलेला, दुसरा त्याच्या उठण्याची वाट पाहतोय. म्हणून झोपलेली बॅटरी उठवण्याची सोय असलेला चार्जर घ्या. मॅन्युअलमध्ये 'झिरो व्होल्ट' किंवा 'वेक-अप' असा शब्द शोधा.

आणि लेड-ॲसिडसाठी बनलेला चार्जर एलएफपीला लावायचा असेल तर त्यातलं इक्वलायझेशन, म्हणजे सेल सारखे करायला दिलेला जादा चार्ज, बंद होतं का ते पाहा. त्यात १५ च्या वर व्होल्ट जातात. बंद होत नसेल तर तो चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीला राहू द्या.

उन्हाळा, म्हणजे खरी परीक्षा

इंटरनेटवरचे सगळे लिथियमच्या थंडीबद्दल सांगतात: शून्याच्या खाली चार्ज करू नका. बरोबर आहे, पण चिखलदऱ्याच्या जानेवारीतही तुमच्या पलंगाखाली शून्य होणार नाही. आपलं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. नागपूर-चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. एलएफपी सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची वरची मर्यादा अनेकदा ४५ ते ५५ अंशांच्या मध्ये असते. दुपारी तीनला बीएमएसने चार्जिंग थांबवलं तर ते बिघडलेलं नाही, शहाणं आहे.

चार्जरलाही ऊन लागतं. बऱ्याच चार्जरवर 'पूर्ण करंट ४० अंशांपर्यंत' अशी बारीक ओळ असते. त्यानंतर तो स्वतःच करंट कमी करतो. ३० लिहिलेला २० देतो आणि आपल्याला वाटतं लाईन कमी आहे. त्यामुळे मे महिन्यात मी दुपारी चार्जिंग करतच नाही. रात्री अकरानंतर कुलर असले तरी हवा उतरलेली असते, किंवा मग पहाटे चारला. गजर लावून उठतो. बायकोला हे वेड वाटतं, आणि तिचं चूक नाही.

लेड-ॲसिड असेल तर टेम्परेचर सेन्सरची वायर येणारा चार्जर घ्या. उष्णतेत तिला कमी व्होल्टेज लागतं: १२ व्होल्टच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट. खोक्यात ४२ अंश असतील तर १४.४ चे १४.० झाले पाहिजेत. झाले नाहीत तर बॅटरी फुगते. शिवाय उष्णता १० अंशांनी वाढली की लेड-ॲसिडचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एलएफपीला मात्र ही भरपाई नको. सेटिंगमध्ये असेल तर बंद करा, नाहीतर ती कधी पूर्ण भरणारच नाही.

चार्जरला पंखा असेल तर जाळीवर लक्ष ठेवा. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या गाड्यांमागून दोन दिवस फिरलात की जाळीवर पांढरी गादी जमते. पंखा नसलेला, ॲल्युमिनियमच्या पाखांचा चार्जर मिळाला तर तोच बरा. मुंग्या आणि पालीही त्यात शिरत नाहीत. मोटारीच्या स्टार्टरमध्ये पाल जळालेली ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

एसएमपीएसच घ्यायचा असेल तर

स्वस्त आहे, कुठेही मिळतो, जागेवर बदलता येतो. फक्त दिवे, पंखा, मोबाईल चालवायचे असतील आणि बॅटरीसाठी वेगळा चार्जर असेल तर १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस ठीक. घेतल्यावर आधी बाजूच्या जाळीतून आत डोकवा. काहींना एक छोटा लाल स्विच असतो: ११५ आणि २३०. तो ११५ वर असताना आपली लाईन दिलीत तर डबा पहिल्याच सेकंदाला जातो. मग टर्मिनलजवळचा बारीक स्क्रू फिरवून, मीटर लावून, व्होल्टेज १३.८ वर आणा, तेवढं जात असेल तर. काही १३.२ लाच थांबतात.

तो थेट बॅटरीला जोडून चार्जर म्हणून वापरणारे बरेच आहेत. भरलेली एसएमएफ १३.८ वर तरंगत ठेवायला चालतं. रिकामी एलएफपी जोडलीत तर ती त्याच्या क्षमतेच्या पलीकडे करंट मागते. तो स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. आतून टिक-टिक असा आवाज येतो आणि दिवे लुकलुकतात. हा आवाज ऐकलात तर लगेच काढा. आणि लाईन गेल्यावर तो जोडलेलाच राहिला तर उलट बॅटरीतूनच थोडंथोडं पितो.

घरचा इन्व्हर्टर गाडीत टाकला तर चार्जर फुकटात मिळतो, असं रिवायंडिंगवाल्या मित्राने मला सुचवलं होतं. अर्धं खरं आहे. त्याचा नॉर्मल मोड साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत चालतो, आपल्या लाईनला हे छानच. यूपीएस मोडवर १८० च्या खाली तो लाईन नाकारतो, म्हणून मागचा स्विच नॉर्मलवर ठेवा. पण त्याचा चार्जर बहुधा ट्युब्युलरसाठी बनवलेला असतो, एलएफपीसाठी नाही. आणि काही न चालवता नुसता सुरू ठेवला तरी तो १५ वॅटच्या आसपास खातो. चोवीस तासांचे ३६० वॅट-अवर, म्हणजे माझ्या फ्रिजच्या निम्म्याहून जास्त. जमेल तेवढं सगळं १२ व्होल्टवरच चालवा आणि लॅपटॉपपुरता छोटा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर ठेवा. काम झालं की बंद.

लाईन नसेल तेव्हा

गाडी चालते तेव्हा अल्टरनेटर वीज बनवतोच, ती घ्या. पण एलएफपी थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती इतकं ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवा, म्हणजे अल्टरनेटरच्या विजेवर ठरलेल्याच करंटने बॅटरी भरणारा. २० अँपिअरचा पुरे. यवतमाळहून अमरावती, परतवाडा करत चिखलदरा गाठायला चारेक तास जातात. तेवढ्यात ८० अँपिअर-अवर, म्हणजे एका दिवसाची पूर्ण बेगमी. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज खाली आणतो. अशा गाडीत साधा रिले लावून भागत नाही, डीसी-डीसीच हवा. माझ्या मते विदर्भात फिरणाऱ्याने लाईनच्या चार्जरइतकाच पैसा यावर घालावा.

सोलरबद्दल एकच अडचण सांगतो, बाकी सगळे सांगतातच. मे महिन्यात गाडीला कडुलिंबाची सावली हवी आणि पॅनेलला ऊन. दोघांचं जमत नाही. म्हणून टपावर घट्ट बसवण्यापेक्षा १०० वॅटचे दोन सुटे पॅनेल आणि लांब वायर. २०० वॅटमधून चांगल्या उन्हात सातशे वॅट-अवर निघतात, कारण पॅनेलही तापलं की कमी देतं. आषाढ-श्रावणात निम्म्याच्या खाली जाईल. एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या आणि त्यात बॅटरीचा प्रकार बरोबर निवडा.

वायर, फ्यूज, अर्थिंग

बारा व्होल्टवर वायरचं महत्त्व घरच्या वायरिंगपेक्षा कितीतरी जास्त आहे. चार्जर बॅटरीपासून तीन मीटर लांब ठेवलात तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. ६ एमएमच्या वायरीत ३० अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. चार्जरला वाटतं १४.४ दिले, बॅटरीला मिळतात १३.९. १६ एमएमला हीच तूट ०.२ च्या आत येते. किंवा चार्जर बॅटरीजवळच ठेवा आणि २३० ची वायर लांब करा. मी तेच केलं. टोकाला थिंबल पंच करून घ्या, पिळून टेप गुंडाळलेला जोड नको. गाडी हलते, जोड सैल होतो, तापतो.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. चार्जरच्या बाजूला नव्हे, बॅटरीच्या बाजूला. शॉर्ट झालं तर आग लावणारा करंट बॅटरीतूनच येतो.

आता अर्थिंग, ज्याकडे गावात कुणी बघत नाही. तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकात वायरच नसते. अशा ठिकाणी चार्जर लावला की त्याच्या आतल्या फिल्टरमुळे गाडीच्या पत्र्यावर निम्म्या लाईनइतकं व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी कमी असतो, पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराला हात लावलात की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. मी एका पावसाळी सकाळी ब्रश करताना हे अनुभवलं. मीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते फेज-न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे. येत नसेल तर दुसरं सॉकेट शोधा. दुसरं नसेल तर त्या रात्री बॅटरीवरच भागवा. आणि गाडीत शिरणाऱ्या २३० च्या वायरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवाच. चार्जर निवडताना एकाला कमी किंमत आणि दुसऱ्याला चौकोनात चौकोन ही डबल इन्सुलेशनची खूण असेल, तर चौकोनवाला घ्या.

हे सगळं काढता येईल अशा खोक्यात बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. स्क्रूने बसवलेला आणि अर्ध्या तासात उतरवता येणारा लाकडी खोका असला की पासिंगच्या वेळी डोकेदुखी नको.

दोन रात्री अंगणातच

खरेदी झाली की लगेच निघू नका. गाडी अंगणात लावा, फ्रिज भरा आणि दोन रात्री तिच्यातच झोपा. पहिली रात्र नुसती बॅटरीवर. सकाळी व्होल्टेज, आणि शंट मीटर असेल तर गेलेले अँपिअर-अवर वहीत लिहा. तुमचा कागदावरचा आकडा आणि हा आकडा यांत शंभर-दीडशे वॅट-अवरचा फरक निघेल, आणि तो बहुधा फ्रिजचा असेल. दुसऱ्या रात्री लाईन जोडा आणि तासातासाला चार्जरला हात लावा. तीन सेकंद हात ठेवता आला तर ठीक. चटका बसला तर त्याची जागा बदला. मध्येच एकदा मेन स्विच पाडून परत टाका, चार्जर स्वतःहून सुरू होतो का पाहा. काहींना बटण दाबावं लागतं. असला चार्जर आपल्या गावात निरुपयोगी, बिल असेल तर दुसऱ्याच दिवशी परत करा.

दुसऱ्या रात्री खरंच लाईन गेली तर शेजारी येतीलच. माझ्याकडे पहिल्याच रात्री दोन मोबाईल आणि एक टॉर्च चार्जिंगला आले. वहीत त्यांच्यासाठी आता वेगळी ओळ आहे: शेजार, ३० वॅट-अवर.